चालता संगणक भंगारात का?

‘विंडोज १०’ वापरणाऱ्यांनी लगेच ‘विंडोज ११’कडे वळावे, हा आपल्या अंकातील लेखाचा सल्ला सरसकट पटला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘१०’ची नियमित अद्यतने थांबवली, हे खरे. पण ‘११’ला टीपीएम २.० (संगणकातली अंगभूत सुरक्षा-यंत्रणा) आणि, प्रोसेसर इंटेलचा असेल तर, साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक तिथेच बाद होतात. आमच्या गल्लीतला डीटीपीवाला अशाच जुन्या यंत्रावर लग्नपत्रिका आणि हँडबिले बिनतक्रार काढतो. त्याने नव्याचा खर्च का करावा? वर्षभराच्या वाढीव सुरक्षा अद्यतनांची सोय कंपनीनेच दिली आहे, लेखात तिचा उल्लेखही नाही! त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार करणाऱ्यांनी मात्र ती घेण्यात चालढकल करू नये.

– एक वाचक, सातारा