माजघरातला हॉटस्पॉट आणि दादाचा फोन

राजापूर,
दि. ३ ऑगस्ट २०२५

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र जूनमध्येच मिळाले होते. आज उत्तर लिहायला बसलो आहे, कारण घरात असा वाद उभा राहिला आहे की तो दुसऱ्या कोणापुढे मांडला तर समोरचा आधी हसेल आणि मग ‘राउटर बदलून टाक’ एवढे सांगून मोकळा होईल. आईचे गुडघे पावसामुळे दुखतात, बाकी ती बरी आहे. माझा खोकला गेला.

गुरुवारी रात्री ठाण्याहून दादाचा फोन आला. फायबरचे बिल तोच भरतो आणि जोडणीही त्याच्याच नावावर आहे, हे तुला ठाऊक आहेच. त्याने राउटरचे अ‍ॅप उघडून पाहिले तेव्हा घरातला एकच जुना फोन दिवसभर भरमसाट डेटा ओढताना दिसला. ‘आई काय रात्रंदिवस सिनेमे बघते का?’ असे त्याने विचारले. तो फोन म्हणजे तू मला दिलेला जुना सॅमसंग. त्यामुळे या प्रकरणात तूही थोडा गुंतला आहेस असे समज.

तुला आमचे माजघर आठवत असेल. राउटर ओटीवर आहे आणि मधली जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत आजोबांनी हात राखून बांधलेली नाही. तू आला होतास तेव्हा फोन हातात धरून उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे पाय टाकून दाखवत होतास आणि पलीकडे गेले की वाय-फायच्या रेघा एकेक करून विझत होत्या. आता आईची खाट माजघरात आहे. वाडी खोलगट जागी असल्यामुळे मोबाइलची रेंज मिळायची तर ओढ्यावरच्या साकवापर्यंत चालत जावे लागते, आणि ते आता तिला जमण्यासारखे नाही. म्हणून मी तुझा फोन ओटी आणि माजघर यांच्या मधल्या दाराच्या कोनाड्यात ठेवला, तो राउटरच्या वाय-फायला जोडला आणि त्याच फोनवरून हॉटस्पॉट सुरू केला. फोनमध्ये सिम नाही. तो राउटरचे वाय-फाय घेतो आणि तेच पुढे हॉटस्पॉटने देतो.

दादाला नेमके हेच पटेना. हॉटस्पॉट म्हणजे सिमचा डेटा वाटणे, मग त्यात माझ्या फायबरचा संबंध येतोच कुठे, असे तो म्हणाला. त्याचे फारसे चुकत नाही, कारण कितीतरी फोनमध्ये हॉटस्पॉट चालू केला की वाय-फाय आपोआप बंद होते आणि मोबाइल डेटा जाऊ लागतो. ज्या फोनमध्ये दोन्ही एकत्र चालतात, त्यांतही हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये आत जाऊन वाय-फाय शेअरिंगचा वेगळा पर्याय चालू करावा लागू शकतो. सॅमसंगने ही सोय २०१६च्या गॅलेक्सी एस-सेव्हन या फोनपासून दिली. सुट्टीत दादाचा मुलगा आयफोन घेऊन आला होता. त्याने स्वतःच्या फोनवर हा प्रयोग करण्यात एक संध्याकाळ घालवली आणि माझेच काहीतरी चुकते आहे असे सांगून तो निघून गेला. आयफोन फक्त मोबाइल डेटाच हॉटस्पॉटने वाटतो, आलेले वाय-फाय पुन्हा वाय-फायने पुढे देत नाही. हे त्याला मी दोनदा सांगितले, पण काका काय सांगतो याला हल्ली कोण विचारतो!

जागेचा प्रश्न मात्र मला बराच वेळ छळत होता. पहिल्यांदा सगळ्यांना वाटते की जिथे वाय-फाय पोहोचत नाही तिथेच फोन ठेवावा, पण तिथे त्याला स्वतःलाच काही मिळत नसेल तर तो पुढे देणार काय? राउटरचे वाय-फाय जिथे अजून जोरात आहे आणि जिथून पलीकडची खोलीही टप्प्यात आहे, अशी मधलीच जागा शोधावी लागते. ओटीवर राउटरजवळ नव्वदच्या आसपास एमबीपीएस वेग मिळतो आणि आईच्या खाटेशी तीस-पस्तीस. वेग एवढा उतरण्याचे कारण उघड आहे: फोन एकाच पट्ट्यावर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर, राउटरकडून घेतो आणि त्याच पट्ट्यावर पुढे देतो, त्यामुळे प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते. नव्या फोनांपैकी काहींना पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर घेऊन २.४च्या पट्ट्यावर देणे साधते आणि तिथे हे नुकसान कमी होते. चिऱ्याच्या भिंतीतून २.४चा पट्टाच त्यातल्या त्यात पार होतो, म्हणून आपल्याला तोच बरा. आईला बहिणीशी व्हिडिओ कॉल करायला आणि कीर्तने ऐकायला एवढे पुरून उरते. तासन्‌तास चार्जरवर राहून जुन्या बॅटरीचे नुकसान होऊ नये म्हणून प्लगला टायमर लावला आहे, आणि कोणी जोडलेले नसले की थोड्या वेळाने हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याची जी सोय असते ती काढून टाकली आहे. ती चालू होती तेव्हा आई सकाळी उठून ‘नेट गेले’ म्हणायची आणि मी राउटरशी झटत बसायचो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. शेजारच्या तात्यांच्या नातीचे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे चालू आहे. सीईटी झाली, गुण चांगले आहेत, पण पुढचा सगळा खटाटोप ऑनलाइन: कागदपत्रे चढवा, पसंतीक्रम भरा, मुदतीच्या आत जागा स्वीकारा. त्यांच्याकडे नेट नाही. आमच्या परसदारी, न्हाणीच्या पायरीवर, माझा हॉटस्पॉट पोहोचतो. ती तिथे टॅब घेऊन बसते. ओटीपी येतो तो तात्यांच्या साध्या फोनवर आणि त्याला रेंज साकवावरच मिळते, म्हणून तिचा धाकटा भाऊ तो फोन घेऊन साकवावर उभा राहतो, आकडे आले की वळणापर्यंत धावत येतो आणि तिथून ओरडून सांगतो. परवा भर पावसात त्याने ‘सात’ म्हटले ते हिला ‘आठ’ ऐकू आले, ओटीपीची वेळ संपली आणि दोघांचे जे भांडण जुंपले ते आईने खाटेवरून ऐकत मिटवले. अवि, त्या पोरीच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला टॅब आणि त्यावर बोट टेकवून वाट पाहत बसलेली ती, हे पाहिल्यावर हॉटस्पॉट बंद करण्याचे माझ्या हातून होणार नाही.

पण तिच्यामागोमाग वाडीतली इतर पोरेही येऊ लागली आहेत, आणि दादा म्हणतो की बंद कर. तो कंजूषपणाने म्हणत नाही. डेटाची त्याला चिंता नाही, महिन्याची मर्यादा ३३०० जीबी आहे आणि आम्ही तिच्या जवळपासही जात नाही. त्याची भीती नावाची आहे. २६ जुलै २००८ला अहमदाबादच्या स्फोटांच्या आधी जो ईमेल गेला, तो नवी मुंबईतल्या एका घरातल्या उघड्या वाय-फायवरून गेला होता आणि पोलीस पहिल्यांदा त्या घराच्या दारात जाऊन उभे राहिले. दादा तेव्हा नुकताच मुंबईत नोकरीला लागला होता आणि ते प्रकरण त्याच्या मनातून गेलेले नाही. ‘परसदारी बसलेल्या एखाद्या पोराने उद्या काही उपद्व्याप केला तर बाहेर नाव माझे दिसणार,’ असे तो म्हणाला, आणि यात खोटे काही नाही. हॉटस्पॉटमागची सगळी उपकरणे राउटरला एकाच फोनच्या आडून दिसतात आणि राउटरमागचे सगळे घर बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसते. कोणी काय केले हे आतल्या माणसालाही नंतर सांगता येत नाही.

मी त्याला म्हटले की राउटरचा पासवर्ड मी कोणाला दिलेला नाही, पोरांकडे आहे तो फक्त या फोनच्या हॉटस्पॉटचा. पण मग माझे मलाच राहवेना. मी तात्यांच्या नातीच्या टॅबवरून राउटरचा १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकून पाहिला आणि राउटरचे लॉगिनचे पान समोर उघडले. म्हणजे हॉटस्पॉटमधून आलेला माणूस राउटरच्या दारापर्यंत पोहोचतोच. तिथला कंपनीने दिलेला पासवर्ड त्याच रात्री बदलला. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क उघडले, ज्यावरून घरातली बाकीची उपकरणे दिसत नाहीत, आणि तुझा फोन आता त्यालाच जोडला आहे. हॉटस्पॉटचा पासवर्डही बदलून मोठा केला, आणि मी परवानगी दिलेली उपकरणेच जोडली जातील अशी व्यवस्था केली: आईचा टॅब आणि त्या मुलीचा टॅब. बाकीच्या पोरांना सांगितले की कामाचे काही असेल तर ओटीवर माझ्या लॅपटॉपवर येऊन करा. दोघे आले, एकाने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आणि दुसऱ्याने क्रिकेटचा स्कोअर पाहिला.

हे सगळे दादाला फोनवर सांगितले, तर तो म्हणाला, ‘तुझे तांत्रिक मला कळत नाही, अविला विचारतो.’ म्हणून हे पत्र. तुझ्यावर त्याचा विश्वास आहे, माझ्यावर लहानपणी रेडिओ उघडून ठेवला तेव्हापासून नाही. हॉस्टेलवर तुझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर अख्खी खोली कशी चालायची, हे तू त्याला रंगवून सांगितले आहेस, तेव्हा तुला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागणार नाही. फक्त तो जुना आरोप मधे आणू नकोस. २०१७च्या जानेवारीत जिओचा रोजचा फुकट डेटा चार जीबीवरून एक जीबीवर आला, त्या आठवड्यात तुझा एक जीबी सकाळी नऊच्या आत संपला तो माझ्या लॅपटॉपमुळे नव्हे, पक्याच्या विंडोजच्या अपडेटमुळे संपला होता. मी तेव्हाही हेच सांगितले आणि आजही हेच सांगतो. पक्याने लग्नात सर्वांसमोर कबूल केले, तरी तू मानत नाहीस.

मला तुझ्याकडून दोन गोष्टींचे खरे उत्तर हवे आहे. मी केलेल्या बंदोबस्तात अजून कुठे भोक राहिले आहे का? आणि दुसरे, तुझ्या घरची जोडणी अशी तुझ्या थोरल्या भावाच्या नावावर असती, तर त्याच्या नाराजीवर तू ती चालू ठेवली असतीस का? मी ठेवणार आहे, निदान प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत. पण दादाला न सांगता ठेवायचे नाही, आणि त्याला मनापासून पटावे असे वाटते. जोडणी त्याच्या पैशाची आहे, नाव त्याचे आहे, आणि आई जेवढी माझी तेवढीच त्याची आहे. तिकडे बसून त्याला परसदारची पायरी दिसत नाही, दिसतो तो अ‍ॅपमधला वर चढत जाणारा आकडा.

वहिनींची बदली झाल्याचे कळले, नाशिक तुम्हाला मानवेल. चिमणीला पहिलीत घातलेस की अजून नाही? घराच्या कर्जाचे तू लिहिले होतेस त्यावर सविस्तर पुढच्या पत्रात लिहीन, एवढ्यात सही करू नकोस.

दादाला रविवारी रात्री नऊनंतर फोन कर, त्याआधी तो जेवणात असतो आणि ऐकत नाही. आयफोनच्या विषयाला मात्र त्याच्याकडे हात घालू नकोस. तिसऱ्या फेरीची यादी लागायच्या आत तुझे उत्तर मिळाले तर फार बरे होईल. पत्र पाठवायला उशीर होणार असेल तर सरळ आईच्या टॅबवर व्हिडिओ कॉल कर. संध्याकाळी सहानंतर तो तिच्या उशाशीच असतो आणि तुझी आठवण ती रोज काढते.

तुझा,
सुहास