पेर्गे राहिलं, चामड्याचं दुकान झालं: अंताल्या मुक्कामाबाबत तक्रार

सांगली,
12 नोव्हेंबर 2024

प्रति,
प्रमुख, ग्राहकसेवा विभाग,
आपल्या कंपनीचे मुख्य कार्यालय, मुंबई

विषय: तुर्कस्तान सहल, 9 ते 18 ऑक्टोबर 2024. अंताल्यात कबूल केलेली ठिकाणं न दाखवल्याबद्दल तक्रार व परताव्याची मागणी.

स. न. वि. वि.

आमच्या ह्यांनी, माझ्या नणंदबाईंनी आणि मी आपल्या सांगलीच्या शाखेतून ही सहल घेतली. माणशी 1,85,000 रुपये, त्यावर 5 टक्के जीएसटी आणि 5 टक्के टीसीएस, म्हणजे कंपनीनं पैसे घेतानाच वसूल केलेला कर. पैसे दोन हप्त्यांत, ठरल्या तारखेच्या आधी भरले. पावत्यांच्या प्रती सोबत आहेत.

इस्तंबूल आणि कॅपाडोशियाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. बोस्फरसची फेरी छान झाली, बलून उडाला, सगळे सुखरूप उतरले. तक्रार आहे ती 14 ऑक्टोबरच्या रात्रीपासून 17 च्या दुपारपर्यंतची. म्हणजे फक्त अंताल्या या समुद्रकाठच्या शहराची. आणि खरं सांगायचं तर आम्ही तिघांनी ही सहल निवडली ती अंताल्यासाठीच. इतर कंपन्यांचे तुर्कस्तान दौरे याहून स्वस्त होते, पण त्यांच्या कार्यक्रमात पेर्गे, ही अंताल्याजवळची प्राचीन नगरी, नव्हतं. तुमच्या पत्रकात होतं.

पेर्गे का, ते सांगते. मी 31 वर्षं ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवलं. अकरावीला शंकुच्छेद, म्हणजे शंकू कापल्यावर मिळणारे वक्र, असायचे. पुस्तकं इंग्रजीत, मुलं मराठी शाळेतून आलेली, म्हणून फळ्यावर मी दोन्ही शब्द लिहायची: पॅराबोला म्हणजे अन्वस्त, हायपरबोला म्हणजे अपास्त, इलिप्स म्हणजे लंबवर्तुळ. ही ग्रीक नावं ज्यानं रूढ केली तो अपोलोनियस या पेर्गेचा. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला माणूस. शंकुच्छेदांवर त्यानं आठ भाग लिहिले. पहिले चार मूळ ग्रीकमध्ये उरले, पुढचे तीन अरबी भाषांतरामुळे वाचले, आठवा गेलाच. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं 1609 मध्ये मांडलं तेव्हा त्या आकृतीचं गणित अठराशे वर्षं तयार होतं. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात. मला पेर्गेला जायचं होतं. बुकिंगच्या वेळी मी हे आपल्या शाखेतल्या मुलीला सांगितलं होतं. तिनं पत्रकावर त्या ओळीखाली पेनानं रेघ मारून "मॅडम, हे बघा, आहे" असं दाखवलं. ती रेघ असलेलं पत्रक माझ्याकडे आहे, प्रत जोडली आहे.

आता झालं काय ते ऐका.

16 ऑक्टोबरला सकाळी बस अस्पेंदोसच्या रोमन नाट्यगृहाकडे निघाली. अंताल्याच्या पूर्वेला पंधरा-वीस मिनिटांवर अक्सू नावाचं उपनगर लागतं, तिथून पेर्गे आत दोनेक किलोमीटर. हमरस्त्यावर तपकिरी पाटी आहे, ठळक अक्षरांत. ती मागे पडली तेव्हा मी उठून टूर मॅनेजरला विचारलं. "काकू, परत येताना करू, आत्ता ऊन आहे." ऑक्टोबरातलं ऊन होतं, सांगलीच्या माणसाला उन्हाची भीती घालू नये. पण म्हटलं, ठीक. परत येताना बस पेर्गेऐवजी एका चामड्याच्या दालनाच्या दारात थांबली. आत आमच्यासाठी खास फॅशन शो होता. उंच पोरं-पोरी जाकिटं घालून संगीताच्या ठेक्यावर आमच्यासमोरून ये-जा करत होती. आमच्या बसमध्ये सरासरी वय बासष्ट. नंतर प्रत्येकामागे एक विक्रेता लागला. माझ्यामागे जो लागला त्यानं 1,200 युरोंपासून सुरुवात केली आणि मी दारापर्यंत पोचेस्तोवर 300 वर आला. तिथून बाहेर पडलो तेव्हा दिवस कलला होता. "काकू, आता साइट बंद झाली असेल."

मला सवय आहे वेळा टिपून ठेवायची. दोन दिवसांच्या वहीतल्या नोंदी अशा आहेत: चामड्याचं दालन, 2 तास 10 मिनिटं. आदल्या दिवशीचं दागिन्यांचं दालन, 1 तास 35 मिनिटं. हेड्रियनचा दरवाजा, 15 मिनिटं. अस्पेंदोस, 20 मिनिटं. पेर्गे, शून्य. अंताल्याचं संग्रहालय, शून्य. दुकानं 225 मिनिटं आणि इतिहास 35. अतिसंक्षिप्त रूप 45:7. दुदेनच्या धबधब्यापाशी 25 मिनिटं मिळाली, पण ती मी निसर्गात धरते.

दागिन्यांच्या दालनात शिरताना आमच्या प्रत्येकाच्या खांद्यावर नंबराचा स्टिकर चिकटवला. मी वर्गात मुलांना हजेरी क्रमांक द्यायची, पण त्यांच्या खरेदीवर माझा हिस्सा नसायचा. या दालनांकडून आपल्या कंपनीला काही मिळतं का, हा साधा प्रश्न आहे आणि त्याचं लेखी उत्तर मला हवं आहे.

अस्पेंदोसबद्दल वेगळं लिहायला हवं. कार्यक्रमात "अस्पेंदोस रोमन नाट्यगृह, भेट" असं आहे. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात झेनॉन नावाच्या स्थपतीनं बांधलेलं, दुसऱ्या शतकातलं. रंगमंचामागची भिंत जवळजवळ पूर्ण उंचीची उभी आहे, म्हणून आवाज आत इतका घुमतो की आजही तिथे ऑपेरा होतात. आम्हाला ते बाहेरून दाखवलं. तिकीट "समाविष्ट नाही" म्हणे, आणि स्वतः काढून आत जावं तर वेळ नाही. आमच्या सांगलीहून विजापूर जवळ, गोलघुमट आम्ही कितीदा पाहिला आहे. बाहेरच्या हिरवळीवर उभं राहून कुणाला प्रतिध्वनी ऐकू आला आहे का? सांगलीच्या शाखेत परत आल्यावर मला सांगण्यात आलं की "बाहेरून भेट ही पण भेटच असते, मॅडम." पंढरपुरात गर्दीपायी कळसाचं दर्शन घेऊन परतणारा वारकरी मी पाहिला आहे. तो स्वखुशीनं परततो, आणि त्यानं आत जाण्याचे पैसे आधी कुणाकडे भरलेले नसतात.

शहरातलीही तीच गत. रोमन सम्राट हेड्रियन इसवी सन 130 मध्ये अंताल्याला आला, त्याच्या स्वागताला तीन कमानींचा संगमरवरी दरवाजा बांधला. खालच्या फरसबंदीत रथगाड्यांच्या चाकांचे खोल चरे पडलेले आहेत. ते आम्ही बघत होतो तोवर शिट्टी वाजली. त्या दरवाज्यातून आत गेलं की कालेइची, जुनं गाव, त्याच्या पायथ्याशी रोमन काळापासूनचं बंदर, आणि तेराव्या शतकातला यिवली मिनार, पन्हळीच्या आठ अर्धगोल पट्ट्यांचा. गाडी आत जात नाही हे मान्य, पण आम्ही पायानं चालतो. त्या दिवशी आमच्याबरोबर स्थानिक गाईडही नव्हता. तुर्कस्तानात परवाना असलेल्या गाईडखेरीज कुणी माहिती सांगू शकत नाही, त्यामुळे तुमचा टूर मॅनेजर कमानीखाली आमच्या कानात कुजबुजत होता, कॉपी पुरवल्यासारखा. परवानाधारक गाईड दुसऱ्या दिवशी मात्र आला, चामड्याच्या दिवशी.

बोटीचा मुद्दा पैशांचा आहे. पत्रकात छापलं आहे: "जुन्या बंदरातून बोटीने दुदेन धबधब्याचे दर्शन." खालचा दुदेन चाळीसेक मीटर उंचीच्या कड्यावरून थेट समुद्रात पडतो, तो समुद्रातूनच बघावा. पण बसमध्ये सांगितलं गेलं की बोट "ऑप्शनल" आहे, माणशी 35 युरो, रोख. तिघांचे 105 युरो दिले, पावती मिळाली नाही. बंदरावरच्या पाटीवर त्याच फेरीचा दर याच्या निम्म्याहून कमी होता. त्याचा मोबाईलवर काढलेला फोटो जोडते.

हॉटेल "कोन्याआल्ती किनाऱ्याजवळ" असं होतं. आम्हाला उतरवलं ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, विमानतळाच्या वाटेवर. खिडकीतून समुद्राऐवजी टायरचं गोदाम दिसायचं. खोल्या स्वच्छ होत्या, एवढं प्रामाणिकपणे लिहिते. पत्रकाच्या मुखपृष्ठावर ताहताली डोंगराच्या केबल कारचा फोटो आहे, 2,365 मीटरवर जाणारी. ती कार्यक्रमात नव्हतीच, म्हणून तक्रार करत नाही. फक्त विचारते, मग छापली कशाला?

जेवणाबद्दल थोडक्यात. तीन दिवस "भारतीय जेवण" म्हणून तेच पनीर, तोच लाल रस्सा. त्या गावात पियाझ नावाचा प्रकार मिळतो: पांढऱ्या घेवड्यासारखे दाणे, वर तिळाची पातळ चटणी, लसूण, लिंबू. मसुराचं सूप आहे, पालक घालून लाटलेलं गोझलेमे, म्हणजे भरलेली पोळी, आहे, सगळं बिनमांसाचं मिळू शकतं. नणंदबाई कांदा-लसूण खात नाहीत, त्यांना बिनकांद्याचं गोझलेमे चाललं असतं. हे आम्हाला शेवटच्या दिवशी, स्वतःच्या पायानं फिरल्यावर कळलं.

तो शेवटचा दिवस. 17 ऑक्टोबर, कार्यक्रमात "मोकळा वेळ", हॉटेल साडेबाराला सोडायचं. सकाळी सातला आम्ही तिघं निघालो. हॉटेल चुकीच्या जागी असल्याचा एवढा एकच फायदा झाला, ट्राम जवळ होती. ट्राम अक्सूला जाते. आमच्याकडे तिथलं कार्ड नव्हतं; मागे उभ्या कॉलेजच्या एका पोरीनं स्वतःचं कार्ड तीनदा टेकवलं आणि पैसे पुढे केले तर "तेय्झे" म्हणून माझा हात मागे ढकलला. तेय्झे म्हणजे मावशी, नंतर कळलं. अक्सूहून पुढे चालत. ह्यांचा गुडघा दुखतो, तरी चालले. तिकिटं आमची आम्ही काढली.

मला पेर्गेत 50 मिनिटं मिळाली. हे आणि नणंदबाई स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसले. ते 234 मीटर लांब आहे, बारा हजार माणसं बसायची. मी एकटी पुढे गेले. वेशीचे दोन गोल बुरूज लागतात, मग खांबांचा लांब रस्ता, आणि रस्त्याच्या मधोमध पाण्याचा पाट, वरच्या कारंज्यापासून खालपर्यंत. वेशीपाशी प्लांकिया माग्ना या बाईची खूण आहे. दुसऱ्या शतकात तिनं ती वेस स्वतःच्या पैशानं सजवली आणि नगरीचं सर्वोच्च पदही भूषवलं. अपोलोनियसच्या नावाची पाटी मला कुठे दिसली नाही. असेलही, पण 50 मिनिटांत घड्याळाकडे बघत काय काय शोधणार? पाटाच्या टोकाला कारंज्यापर्यंत मी पोचले नाही. अर्ध्यातून फिरले.

प्लांकियाचा पुतळा आणि पेर्गेत सापडलेले बाकी बरेच देव-सम्राट तेव्हा अंताल्याच्या संग्रहालयात होते. तेही कार्यक्रमात होतं, आम्हाला ते बसच्या डाव्या खिडकीतून "हे बघा म्युझियम" असं दिसलं. उजवीकडे बसलेल्यांना तेही नाही. तिथे थकलेला हेराक्लिस होता, ग्रीक पुराणातल्या वीराची मूर्ती. कमरेखालचा भाग 1980 साली पेर्गेच्या उत्खननात निघाला, वरचा बोस्टनच्या संग्रहालयात होता. तो 2011 मध्ये परत आला, मग मूर्ती पुरी झाली. तिचं धड परत मिळवायला तीस वर्षं लागली, आणि आपल्या बसला दारात थांबायला जमलं नाही.

माझी मागणी अशी. बोटीचे 105 युरो, पेर्गेची तीन तिकिटं आणि अस्पेंदोस व संग्रहालयाच्या न दाखवलेल्या भेटींची रक्कम परत मिळावी. हॉटेलच्या दरातला फरक तुमच्या नोंदीनुसार काढून द्यावा, आकडा मी लावत नाही. आणि दालनांच्या कमिशनबाबत लेखी खुलासा. "पुढच्या सहलीवर दहा हजारांची सूट" असं सांगलीच्या शाखेनं फोनवर सुचवलं, ते मला नको. चुकलेल्या गणिताचे गुण पुढच्या पेपरात देत नाहीत.

हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवस मी वाट बघेन. त्यानंतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, एवढं वाचून ठेवलं आहे. आमच्या बसमधल्या आणखी 11 जणांनी माझ्या वहीतल्या नोंदी बरोबर असल्याची सही केली आहे. त्यांची प्रतही सोबत आहे.

टूर मॅनेजरबद्दल एक विनंती. पोरगा जेमतेम चोवीसचा आहे. चामड्याच्या दालनाबाहेर मी त्याला जरा जोरातच बोलले, तेव्हा तो म्हणाला, "काकू, थांबे वरून ठरतात, माझ्या हातात काही नाही." शेवटच्या दिवशी ह्यांच्या गुडघ्यासाठी त्यानंच कुठूनतरी बर्फ आणून दिला. या पत्रावरून त्याचा पगार कापला तर ती माझी दुसरी तक्रार असेल.

आपली,
(सही)

सोबत: पैसे भरल्याच्या पावत्या, रेघ मारलेलं पत्रक, बंदरावरच्या पाटीचा फोटो, पेर्गेची तिकिटं तीन, वहीतली दोन पानं 11 सह्यांसह.