दुसऱ्या आठवड्याची नोंद केसपेपरवर हवी

महोदय,

स्किझोफ्रेनिया या भास-भ्रमांच्या गंभीर मानसिक आजाराचं निदान झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : 'हा बरा होईल ना?' धाकट्या भावाच्या वेळी आम्हीही तोच विचारला. याचं नेमकं उत्तर देणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन आजही नाही. पण काही खुणा आहेत, आणि त्या आम्हाला कुणी सांगितल्या नाहीत. योग्य मात्रेत औषध सुरू करूनही पहिल्या दोन आठवड्यांत जराही फरक नसेल, तर त्याच औषधाने पुढे गुण येण्याची शक्यता कमी असते. शिवाय आजार जितका काळ अंगावर काढावा, तितका पुढचा रस्ता अवघड होतो. आमचे आठ महिने अंगारे-धुपाऱ्यांत गेले. ती रुखरुख अजून जात नाही.

साधारण तिघांतल्या एकाला नेहमीच्या औषधांनी पुरेसा गुण येत नाही. दोन औषधं पुरेशा मात्रेत, प्रत्येकी किमान सहा आठवडे घेऊनही फरक नसेल तर क्लोझापिन या वेगळ्या औषधाचा विचार व्हायला हवा. त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात; त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी वारंवार रक्ततपासणी लागते, म्हणून ते लांबवलं जातं. भावाला ते सहाव्या वर्षी मिळालं.

चेन्नईत १९८१ मध्ये स्किझोफ्रेनियाने पहिल्यांदाच आजारी पडलेल्या ९० रुग्णांचा मागोवा सुरू झाला, तो २५ वर्षं चालला. तिथे इतकी वर्षं मागोवा घेता येतो, तर आपल्या जिल्हा रुग्णालयांत औषध, मात्रा, सुरुवातीची तारीख आणि दुसऱ्या आठवड्यातली स्थिती एवढं तरी केसपेपरवर लिहिलं जावं.

– एका रुग्णाचा भाऊ, सातारा