अ‍ॅम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह बदलताना

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या वाढत्या हौसेविषयीचा लेख मी आवडीने वाचला (व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असत त्या काचेच्या निर्वात नळ्या). मात्र ‘ईएल ३४ काढून त्याच सॉकेटात केटी ८८ बसवल्यास ताकद दुप्पट होते’ हा त्यात जाता जाता दिलेला सल्ला चुकीचा आहे, आणि तो कोणी अमलात आणल्यास लाखभर रुपयांचे यंत्र हकनाक जळू शकते, म्हणून हे पत्र.

दोन्ही व्हॉल्व्ह आठ पिनांच्या एकाच प्रकारच्या सॉकेटात बसतात, हे खरे. ईएल ३४ च्या प्लेटची, म्हणजे आतला प्रवाह गोळा करणाऱ्या पत्र्याची, उष्णता सोसण्याची मर्यादा २५ वॅट, तर केटी ८८ ची ४२ वॅट आहे. परंतु हा आकडा व्हॉल्व्ह किती सोसेल एवढेच सांगतो. स्पीकरला किती वॅट मिळणार हे मुख्यतः प्लेटवरचे व्होल्टेज आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर ठरवतात, आणि ते दोन्ही जुनेच राहिले तर मोठ्या व्हॉल्व्हने फारसे काही साधत नाही. उलट केटी ८८ च्या ग्रिडला (प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या जाळीला) अधिक ऋण व्होल्टेज लागत असल्यामुळे ईएल ३४ साठी लावलेल्या बायसवर, म्हणजे ग्रिडच्या ठरावीक ऋण व्होल्टेजवर, तो भलताच प्रवाह खेचतो, आणि त्याचा भार पॉवर ट्रान्सफॉर्मरवर पडतो.

म्हणून निर्मात्याने सांगितलेल्या प्रकाराचाच व्हॉल्व्ह घ्यावा आणि बायस हाताने लावण्याची सोय असेल तर तो नव्याने लावावा. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील, तर ईएल ३४ साठी २५ वॅटच्या सत्तर टक्के, म्हणजे साडेसतरा वॅट धरून त्याला ४५० ने भागले की प्रत्येक व्हॉल्व्हमागे सुमारे ३९ मिलिअँपिअर येतात. यापेक्षा थोडे कमी ठेवले तरी कानाला क्वचितच कळते. फार जास्त ठेवले तर अंधारात प्लेट लालभडक झालेली दिसते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, कारण यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणे व्होल्टेज शिल्लक असू शकते.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. परदेशातून आणलेले यंत्र २२० व्होल्टसाठी बांधलेले असेल आणि घरातला पुरवठा रात्री उशिरा २४० पर्यंत चढत असेल (माझ्या सदाशिव पेठेतल्या घरी चढतो), तर ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला) जवळजवळ ६.९ व्होल्ट मिळतात आणि प्लेटवरचे ४५० व्होल्ट ४९० वर जातात. महागडे व्हॉल्व्ह घेण्याआधी चांगला स्टॅबिलायझर घेतलेला बरा.

पुश-पुल यंत्रात, म्हणजे जिथे दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात तिथे, सारखा प्रवाह घेणारी जुळवलेली जोडीच बसवावी. दोन बाजूंचे प्रवाह सारखे असले तरच ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातील त्यांचे चुंबकत्व एकमेकांना रद्द करते. नाही तर आधी घरघर सुरू होते आणि तंबोऱ्याचा खर्ज गढूळ होतो.

राहिला नावाचा मोह. काचेवर ‘मुलार्ड’ छापलेला नवा व्हॉल्व्ह इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या जुन्या कारखान्यातला नसतो. तो रशियातील सारातोव्हला तयार होतो, आणि ‘टंग-सोल’ व ‘सोव्हटेक’ ही नावेही तिथल्याच मालावर असतात. तो माल वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण जुन्या नावासाठी जास्त पैसे मोजताना एवढे ठाऊक असावे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी एखादा भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ईएल ८४ हा लहान व्हॉल्व्ह अजूनही हाती लागतो. त्याच्या काचेच्या माथ्यावरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे असे समजून तो जागीच ठेवावा. चालू व्हॉल्व्हच्या काचेवर निळसर झाक दिसली तर मात्र घाबरू नये, ती निरुपद्रवी असते.

लेखातील ते वाक्य पुढील रविवारी दुरुस्त करून छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रेडिओ दुरुस्तीकार
सदाशिव पेठ, पुणे