बाबा, तुमचा डावा डोळा मला आठ दिवस हवाय

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं, आणि मला जे सांगायचं होतं ते फोनवर नीट जमलंही नसतं, म्हणून लिहितेय. आई, तू वाचून दाखव बाबांना, त्यांना आत्ता स्क्रीनकडे जास्त बघायचं नाहीये. आणि मधेच थांबून माझ्या शुद्धलेखनावर बोलू नकोस प्लीज.

तर बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पट्टी काढली आणि तुम्ही पहिलं काय विचारलंत, तर भिंतीला निळसर रंग कुणी दिला म्हणून. मग तुम्ही एकदा हा डोळा एकदा तो डोळा असं झाकून बघायला लागलात, उजव्याने भिंत पांढरी आणि डाव्याने जुन्या वर्तमानपत्रासारखी पिवळट. आई सांगत होती तेव्हा मी खूप हसले. आणि रात्री झोपच लागली नाही, कारण त्याच आठवड्यात मी एका चर्चच्या खिडकीसाठी निळ्या काचा निवडून ठेवल्या होत्या आणि ती खिडकी रोज बघणारा माणूस तुमच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा आहे, त्याचं एकाही डोळ्याचं ऑपरेशन झालेलं नाही.

आधी खिडकीचं सांगते. एका आजोबांची बायको गेली, तिच्या आठवणीत चर्चला एक स्टेन्ड ग्लासची खिडकी द्यायची आहे त्यांना. खिडकी उत्तरेकडची, उंच आणि अरुंद, अडीच मीटरच्या आसपास उंची आणि रुंदी म्हणाल तर आपल्या कपाटाच्या एका दाराएवढी. उत्तरेची म्हणजे ऊन थेट जवळजवळ येतच नाही, दिवसभर एकसारखा मऊ उजेड. पूर्वेच्या खिडकीला सकाळच्या उन्हात कुठलाही गडद रंग घाला, पेटून उठतो. उत्तरेला तोच रंग नुसता काळा होऊन बसतो. आणि खिडकीखालच्या बाकांवर म्हातारी माणसंच जास्त बसतात, त्यांना गाण्याचं पुस्तक वाचायला उजेड लागतो, तो मी रंग भरून अडवला तर शिव्या खाईन. फादरांनीही पहिल्या मीटिंगमध्ये डिझाइनचं काही विचारलं नाही, एवढंच विचारलं की अंधार होणार नाही ना.

बाबा, तुम्ही नेहमी विचारता ना, की काचेवर रंगच मारायचा तर एवढे महिने कशाला. तर रंग मारत नाही आम्ही. काच बनतानाच रंगीत असते, वितळलेल्या काचेत कोबाल्ट गेलं की निळी, सोन्याचा अगदी थोडा अंश गेला की गुलाबी. ब्रशने जे काम होतं ते काळपट तपकिरी रंगाचं, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड आणि काचेची बारीक पूड, ते गोंदाच्या पाण्यात कालवून रेघा काढायच्या, सावल्या द्यायच्या आणि भट्टीत साधारण 650 अंशाला भाजायचं. त्याने उजेड अडतो, एवढंच त्याचं काम. एक अपवाद आहे, चांदीचा. चांदीचं संयुग काचेच्या मागच्या बाजूला लावून भाजलं की चांदी काचेच्या आत शिरते आणि काच पिवळी होते, फिक्या लिंबापासून ते मधाच्या रंगापर्यंत. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून युरोपात हे करतायत. स्टेन्ड ग्लास हे नाव खरं तर या एकाच प्रकाराला शोभतं असं मला वाटतं, पण आता सगळ्यालाच तेच म्हणतात.

आई, तुला कटिंग फार आवडेल. आधी खिडकीच्या खऱ्या मापाचं चित्र काढतात कागदावर, त्याला कार्टून म्हणतात, मग त्याची कॉपी करून तुकडे कापायचे. अगदी तुझ्या ब्लाउजच्या पेपर कटिंगसारखं, फक्त उलटं. तू शिवणीसाठी कापड जास्त ठेवतेस, आम्ही कमी करतो. दोन तुकड्यांच्या मधे शिशाची पट्टी येते, तिचा आकार आडव्या एच अक्षरासारखा असतो आणि मधल्या दांडीची जाडी कागदातून वजा करावी लागते, त्यासाठी तीन पात्यांची कात्री असते जी कापता कापता मधली बारीक पट्टी काढून टाकते. हे विसरलं तर प्रत्येक तुकडा एखाद-दीड मिलिमीटर मोठा होतो आणि वीस तुकडे शेजारी शेजारी लावल्यावर खिडकी भोकात मावतच नाही. पहिल्या वर्षी मी हे केलंय. नंतर सांध्यांना डाख द्यायचा, जवसाचं तेल आणि खडूच्या पावडरीची पुट्टी शिशाखाली दाबायची, आणि एवढ्या उंचीची खिडकी एकसंध नाही करायची, शिसं मऊ असतं, स्वतःच्या वजनाने पोट सुटतं त्याला. मी चार भाग केलेत आणि मागून आडवे लोखंडी गज येतील, तांब्याच्या तारेने बांधलेले.

बरं, मूळ मुद्दा. आजोबांना खिडकीत बायकोचा चेहरा हवा होता. फोटो घेऊनच आले होते. मी नाही म्हटलं नाही, पण माझं मन तयार नव्हतं, कारण ब्रशने काढलेला चेहरा काचेत चढला की तो कुठल्यातरी संतिणीचा होतो, तिची ती हसताना एका बाजूला जाणारी जिवणी राहत नाही, आणि घरच्यांना दर रविवारी ‘ही ती नाहीच’ असं वाटत राहतं. मी त्यांना दोन खिडक्यांचे फोटो दाखवले. एक इंग्लंडमधल्या केंट भागातल्या टूडली गावच्या छोट्या चर्चमधली. 1963 साली सारा दाविग्दोर-गोल्डस्मिड नावाची एकवीस वर्षांची मुलगी समुद्रात बोट उलटून बुडाली, आईवडिलांनी प्रसिद्ध चित्रकार मार्क शगालला खिडकी करायला सांगितली, 1967 मध्ये ती लागली आणि पुढे शगालनेच तिथल्या बाराच्या बारा खिडक्या केल्या, शेवटच्या 1985 मध्ये लागल्या. मुलगी आहे त्या खिडकीत, खाली निळ्या लाटांमध्ये, पण तो फोटोतला चेहरा नाही. दुसरी अमेरिकेतली, अलाबामातल्या बर्मिंगहॅमची. तिथल्या चर्चमध्ये सप्टेंबर 1963 मध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्ब ठेवला आणि चार मुली गेल्या. तिकडे ब्रिटनमधल्या वेल्समध्ये लोकांनी वर्गणी काढून खिडकी दिली, कुणीही अर्ध्या क्राउनच्या, म्हणजे तेव्हाच्या एका छोट्या नाण्याच्या वर द्यायचं नाही असं ठरवून, म्हणजे कुण्या एका श्रीमंताची नको, सगळ्यांची हवी. जॉन पेट्स नावाच्या कलाकाराने केली ती. चौघींपैकी एकीचाही चेहरा नाही तिच्यात, हात पसरलेला कृष्णवर्णीय ख्रिस्त आहे.

आजोबांनी दोन्ही बराच वेळ बघितल्या आणि म्हणाले, मग माझ्या बायकोचं काय काढणार. मी विचारलं त्या इथे काय करायच्या. तर म्हणाले, काही नाही, रोज सकाळी बाजूचं दार उघडायची. तीस-बत्तीस वर्षं. बंद खोली तिला सोसायची नाही. एवढंच बोलले, पण माझं काम झालं होतं. खिडकीचा आकारच दारासारखा आहे! दोन्ही कडांना गडद निळं, मधून वरून खाली उतरणारा उजेडाचा पट्टा, खाली रुंद होत जाणारा, किलकिल्या दारासारखा. पट्ट्यात रंगहीन काच, तोंडाने फुंकून बनवलेली, बुडबुडे आणि वळ्या असलेली, आणि तिच्या कडेला चांदीचा फिका पिवळा, सकाळच्या उन्हाचा. सुंदर दिसत होतं लाइटबॉक्सवर, म्हणजे काच खालून उजळणाऱ्या पेटीवर. आणि मग बाबांची भिंत निळी झाली.

दुसऱ्या दिवशी फोटोवाल्यांकडे मिळते तशी फिकट पिवळी फिल्म आणली, दोन पदर करून डोळ्यांवर धरली आणि सगळ्या काचा परत बघितल्या. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं आणि ते नेमका निळा उजेड अडवतं, हे मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं हो. माझा लाडका जांभळ्याकडे झुकणारा कोबाल्ट एकदम चिखल झाला. आणि तो चांदीचा फिका पिवळा? गायब. पांढरं आणि फिकं पिवळं यात फरकच राहिला नाही. म्हणजे ज्या माणसासाठी मी सकाळचं ऊन काढत होते त्यालाच ते दिसणार नव्हतं, आणि बिचारा छान आहे म्हणून घरी गेला असता.

तीन आठवडे गेले सगळं बदलण्यात. निळा आता हिरवटाकडे झुकणारा घेतलाय, तो फिल्ममधूनही टिकतो. रंगापेक्षा गडद-फिक्याच्या फरकावर जास्त भर दिलाय, म्हणजे रंग कुणाला कसाही दिसो, दार उघडं आहे हे कळेल. पिवळा काढला नाही, जास्त भाजून मधाच्या रंगापर्यंत नेला आणि त्याच्या कडेने ब्रशची एक बारीक काळी रेघ दिली. शिवाय मधल्या फिक्या पट्ट्यामुळे बाकांवर पुस्तकापुरता उजेड पडतोच. पण एक गोची आहे, ती तुमच्या नातीने दाखवली. तिला फोटो पाठवला तर म्हणाली मावशी आधीचा निळा भारी होता. तिचे डोळे सतरा वर्षांचे. खिडकी शंभर वर्षं राहणार, आजोबा नाही राहणार, मग मी कुणाच्या डोळ्यांसाठी करतेय? मी तो जांभळट निळा पूर्ण टाकला नाही शेवटी, अगदी वर, टोकाला, चार तुकडे ठेवलेत. आजोबांना ते काळे दिसतील. तिला दिसतील.

नावाची पट्टी खाली आहे. तिथे अख्ख्या काचेवर काळपट रंगाचा थर देऊन तो वाळल्यावर काडीने अक्षरं खरवडून काढतात, म्हणजे अक्षरातून उजेड येतो. उजेड डोळ्यात पसरतो म्हणून अक्षरं आहेत त्यापेक्षा जाड दिसतात, जरा मोकळी लिहावी लागतात, नाहीतर एकमेकांत मिसळतात. मी अक्षरं अगदी सुरेख काढली, भाजली, आणि आजोबांना दाखवली. ते भिंग लावून वाचत होते आणि हसायलाच लागले. मी जन्मवर्ष त्यांचं घातलं होतं, बाईंचं नाही. फॉर्मवर दोन्ही शेजारी शेजारी होती. भाजायच्या आधी बोटाने पुसलं जातं, भाजल्यावर काही नाही, काचच नवी घ्यायची. म्हणाले, माझा नंबर इतक्यात लावू नका. आई, तू म्हणतेस ना एकदा मोज दोनदा काप... म्हणजे उलटं, दोनदा मोज. तेच.

काल ते सगळं कार्टून बघायला आले होते, जमिनीवर पसरलं होतं. काठीचा आधार घेत चारही बाजूंनी फिरले. रंगांबद्दल चकार शब्द नाही. एवढे तीन आठवडे घातले मी रंगात, एक शब्द नाही! शेवटी काठीचं टोक त्या उजेडाच्या पट्ट्यावर ठेवून म्हणाले, दार थोडंच उघडलंय हे. ती पूर्ण उघडायची, भिंतीला टेकेपर्यंत, आवाज व्हायचा.

आता पट्टा रुंद करायचाय, म्हणजे दोन्ही कडांचे तुकडे परत कापायचे, आणि एवढी रंगहीन काच वाढली की शेजारचा निळा परत फिका वाटणार, म्हणून निळा परत निवडायचा. तिथेच तुमची गरज आहे बाबा. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात म्हणताय ना, ते लांबवू नका, मी त्यासाठी अजिबात सांगत नाहीये, पण त्याच्या आधी मला आठ दिवस द्या. कुरियरने नऊ काचेचे तुकडे पाठवतेय, प्रत्येकावर नंबर आहे. सकाळी दहा-अकराला, ऊन नसलेल्या खिडकीपाशी, एक एक धरायचा, आधी उजव्या डोळ्याने मग डाव्या. कुठला डाव्यानेही निळा वाटतो आणि कुठला नुसता काळा, तेवढं सांगायचं. फिल्मवर माझा तितका विश्वास नाही, तुमच्याकडे खरे दोन्ही डोळे एकाच वेळी आहेत, असा माणूस मला कुठे मिळणार. आई, तू लिहून घे, आणि त्यांनी काही सांगायच्या आधी तू आपलं मत देऊ नकोस, मग ते तुझंच म्हणतात.

ड्रॉप्स दिवसातून चार वेळा आहेत, तीन नाही. मी डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो परत बघितला.

तुमची,
धाकटी

ता.क. तुकड्यांच्या कडा घासून पाठवतेय तरी सांभाळून, आणि सात नंबरचा पडू देऊ नका, तसा एकच उरलाय.