कॉलेजच्या प्रशिक्षकाला निदान चार वर्षे द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या संघातून बास्केटबॉल खेळते. ती दुसऱ्या वर्षाला आहे आणि यंदा संघाला पुन्हा नवे प्रशिक्षक आले. आधीचे सर मन लावून शिकवत. पण मानधन काही महिन्यांपुरतेच होते आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत संघ लवकर हरला. त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही.

धीर धरला तर काय होते, ते अमेरिकेत दिसते. तिथल्या ड्यूक विद्यापीठात माइक शशेव्हस्की १९८० मध्ये बास्केटबॉलचे प्रशिक्षक म्हणून आले. पहिल्या तीन हंगामांत त्यांच्या संघाने ३८ सामने जिंकले आणि ४७ गमावले. त्यांना काढा, असा माजी विद्यार्थ्यांचा धोशा सुरू होता. विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखांनी उलट १९८४ मध्ये त्यांचा करार वाढवला. पहिले राष्ट्रीय विजेतेपद आले १९९१ मध्ये. २०२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत विजेतेपदे पाच झाली होती. दुसरे प्रशिक्षक जॉन वुडन यूसीएलएमध्ये (लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात) १९४८ साली रुजू झाले. त्यांचे पहिले विजेतेपद १९६४ चे, आणि त्यानंतर १९७५ पर्यंत आणखी नऊ. तिथेही प्रशिक्षकांना काढतात, आणि तिथला पैसा आपल्या आवाक्यातला नाही, हे मला माहीत आहे. पण धीर धरायला पैसा लागत नाही.

मला सर्वांत जवळच्या वाटतात त्या टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट. १९७४ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी त्या मुलींच्या संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. सुरुवातीला संघाची गाडी त्याच चालवत, खेळाडूंचे कपडेही त्याच धूत. ३८ हंगामांत त्यांनी आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांच्याकडे खेळण्याची सगळी वर्षे पूर्ण केलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली.

मी स्वतः कॉलेजच्या संघातून खेळत होते, तेव्हाचे आमचे सर असेच कोर्टवर मुरलेले होते. पावसाळ्यात सिमेंटच्या कोर्टवर साचलेले पाणी आमच्याबरोबर खराट्याने काढत आणि मगच सराव सुरू करत. माझा डाव्या हाताचा ले-अप, म्हणजे धावत जाऊन बास्केटजवळून चेंडू टाकणे, बसायला पहिले वर्ष गेले. रिबाउंडच्या वेळी, म्हणजे हुकलेला चेंडू परत पकडताना, समोरच्या मुलीला पाठीशी धरून ठेवायचे, हे अंगवळणी पडायला दुसरे. तिसऱ्या वर्षी सरांनी मला पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ चालवणारी खेळाडू, केले. बचाव करताना मी सतत बोलते, कोण मोकळी सुटली ते ओरडून सांगते, हे त्यांनी दोन वर्षे पाहून ठेवले होते. दरवर्षी नवे येणाऱ्या प्रशिक्षकाला हे कसे दिसणार? त्याला मुलींची नावे पाठ होईपर्यंत स्पर्धा तोंडावर आलेली असते.

आता पदवी चार वर्षांची करण्याची सोय झाली आहे. प्रशिक्षकाची नेमणूकही निदान तेवढ्या काळासाठी व्हावी, म्हणजे एक तुकडी त्याच्या हाताखाली आत येऊन बाहेर पडेल. मानधन बाराही महिने मिळावे, कारण खेळाडू घडतो तो स्पर्धा नसतात त्या महिन्यांत. आणि त्याचे काम जोखताना एका स्पर्धेचा निकाल पाहू नये. किती मुली तिसऱ्या वर्षापर्यंत खेळत राहिल्या, ते पाहावे.

जिमखान्याचे शुल्क आम्ही पालक भरतो, तेव्हा हे विचारण्याचा हक्क आम्हाला आहे. माझ्या मुलीच्या महाविद्यालयाला आम्ही काही पालकांनी तसे लेखी कळवले आहे. इतर महाविद्यालयांतल्या पालकांनी आणि विशेषतः माजी खेळाडूंनी आपापल्या प्राचार्यांना असे पत्र द्यावे, ही विनंती.

– एक माजी खेळाडू, कोथरूड, पुणे