सोमाली म्हणजे सगळे एकच, असं छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ट्रम्प यांनी २०२५ च्या डिसेंबरात भर कॅबिनेट मीटिंगमध्ये सोमाली लोकांना 'कचरा' म्हटलं, तेव्हापासून आपल्याकडच्या पेपरांत अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या सोमालींच्या बऱ्याच बातम्या येतायत. मी सेंट पॉलला राहते, मूळची कराडची, इथल्या एका दवाखान्यात कामाला आहे त्यामुळे या लोकांशी रोजचा संबंध येतो. त्या बातम्या वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. सगळीकडे 'सोमाली समाज' असं एकगठ्ठा लिहिलेलं असतं, सोमाली समाज घाबरला, सोमाली समाज चिडला, सोमाली समाजाने घोटाळा केला. आणि घरी फोन केला की नातेवाईक म्हणतात अगं ते टोळीवाले लोक, जातील तिथं आपसात भांडणारच. मला दोन्ही बोलणी चुकीची वाटतात, आणि दोन्हींचा फटका बसतो तो त्यांच्यातल्या सगळ्यात खालच्या माणसाला.

मिनेसोटात सुमारे ८० हजार सोमाली आहेत, त्यातले निम्म्याहून जास्त अमेरिकेतच जन्मलेत. बाहेरून बघितलं तर आफ्रिकेत इतका एकसारखा समाज सापडणं अवघड, जवळपास सगळे सुन्नी मुसलमान, बहुतेकांची भाषा सोमाली, खाणंपिणं पेहराव सारखा. १९६० मध्ये २६ जूनला सोमालियाचा ब्रिटिशांकडचा उत्तर भाग स्वतंत्र झाला आणि १ जुलैला तो दक्षिणेकडच्या इटालियन भागाला जोडला गेला. झेंड्यावर पाच टोकांचा तारा घेतला, एकेक टोक म्हणजे सोमाली राहतात तो एकेक प्रदेश, पण जिबूती, इथियोपियातला ओगादेन आणि केनियाचा ईशान्य भाग हे तीन कधी आलेच नाहीत. आतमध्ये दारोद, हाविये, इसाक, दिर, रहनवेन असे मोठे कबिले, त्यांच्या पोटात आणखी कबिले, आणि पोराला बापाचं, आज्याचं, पणज्याचं असं करत वीस पिढ्यांची नावं पाठ करायला लावायची पद्धत.

सियाद बर्रे १९६९ ला लष्कराच्या जोरावर सत्तेत आले. त्यांनी कबिल्याचं नाव घ्यायलाच बंदी केली आणि कारभार मात्र स्वतःच्या जवळच्या दारोद कबिल्यांच्या हातात ठेवला. १९८८ मध्ये त्यांच्याच विमानांनी उत्तरेतल्या हर्गेसा शहरावर बॉम्ब टाकले, विमानं उडायची ती त्याच शहराच्या विमानतळावरून, इसाक लोक हजारोंनी मेले आणि लाखो इथियोपियात पळाले. जानेवारी १९९१ ला बर्रे राजधानी मोगादिशूतून पळाले तेव्हा हाविये मिलिशियांनी शहरातल्या दारोद लोकांना शोधून शोधून मारलं, हाकललं. त्यामुळे लंडनच्या किंवा मिनियापोलिसच्या एखाद्या मशिदीत शेजारी शेजारी नमाजाला उभे राहणारे दोघं कधीकधी एकमेकांच्याच लोकांपासून जीव वाचवून आलेले असतात. आमच्या कामाच्या ठिकाणी दोन सोमाली बायका वर्षानुवर्षं एका टेबलावर जेवायच्या आणि १९९१ चा विषय दोघींनी कधी काढला नाही, असं त्यातल्या एकीनेच मला सांगितलं. याला टोळीबाज स्वभाव म्हणणं मला बरोबर वाटत नाही, अजून ज्यातले मृत धड मोजलेसुद्धा गेले नाहीत अशी ती जखम आहे.

आता परदेशात ही फूट दिसते कशी ते सांगते. स्वातंत्र्यदिनच दोन आहेत. १ जुलैच्या सुमाराला मिनियापोलिसच्या लेक स्ट्रीटवर सोमालियाचे निळे झेंडे घेऊन जत्रेसारखी गर्दी होते, आणि १८ मेला लंडनमध्ये हिरवा-पांढरा-लाल झेंडा घेऊन सोमालीलँडवाले जमतात, कारण १९९१ मध्ये त्या तारखेला उत्तरेने वेगळं झाल्याचं जाहीर केलं. जगाने मान्यता दिली नाही तर यांनी शहरांच्या पातळीवर खटपट केली, २०१४ ला इंग्लंडमधल्या शेफील्डच्या नगरपालिकेने सोमालीलँडला मान्यता देणारा ठराव केला. २०२५ च्या डिसेंबरात इस्रायलने मान्यता दिली तेव्हा एका बाजूला जल्लोष आणि दुसऱ्या बाजूला संताप, आणि गाझाचं प्रकरण डोळ्यासमोर असल्यामुळे आनंद झालेल्यांतही बरेच जण अवघडलेले. २०२३ ला लास अनोद शहरावरून सोमालीलँडचं सैन्य आणि तिथले स्थानिक दुलबहान्ते लोक यांच्यात लढाई झाली तर दोन्ही बाजूंना पैसा परदेशातून गेला. बंदूक तिकडं चालते आणि वर्गणी इकडं जमते, हे मला फार वाईट वाटतं आणि ते इथल्या सोमाली मित्रमैत्रिणींना मी तोंडावर म्हणतेसुद्धा.

ब्रिटनमधल्या सोमालींची गोष्ट तर मुळातच वेगळी आहे आणि त्यात आपल्या मुंबईचाही संबंध येतो. एडन बंदर तेव्हा मुंबई सरकारकडे होतं, तिथल्या गोऱ्या पलटणीला मटण लागायचं ते समोरच्या बर्बेराच्या किनाऱ्यावरून यायचं, तो पुरवठा तुटू नये म्हणून १८८४ पासून ब्रिटिशांनी सोमाली किनारा हळूहळू ताब्यात घेतला आणि १८९८ पर्यंत त्याचा कारभार हिंदुस्थान सरकारच्या हाताखाली एडनहून चालला. आपला रुपया तर तिथं १९४१ पर्यंत चलन होता. त्याच एडनच्या वाटेने सोमाली खलाशी आगबोटींच्या भट्ट्यांवर कोळसा ओढत वेल्समधल्या कार्डिफला पोचले आणि बंदरातल्या टायगर बे वस्तीत राहिले. महमूद मत्तान हा त्यातलाच एक, १९५२ ला खुनाच्या आरोपाखाली कार्डिफच्या जेलमध्ये त्याला फाशी दिली, आणि १९९८ ला कोर्टाने ती शिक्षा चुकीची ठरवून रद्द केली, त्याची गोरी बायको शेहेचाळीस वर्षं त्यासाठी धडपडत होती. तर ही मंडळी उत्तरेची, शंभर वर्षांपूर्वी कामासाठी गेलेली. आमच्या इकडचे बहुतेक दक्षिणेचे, नव्वद सालानंतर केनियाच्या छावण्यांतून आलेले. दोघांना एका वाक्यात बसवून कसं चालेल?

मग एवढं होऊनही कबिला सुटत का नाही, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. दवाखान्यात बघून बघून कळलं. एखाद्याच्या ऑपरेशनचं बिल, कोणाची मयत घरी पाठवायची, कोणाच्या भावाला छावणीत औषध हवंय, की रात्रीत फोन फिरतात आणि पैसे जमतात, याला ते कारान म्हणतात, आणि ते जमतं कबिल्यातूनच. तिकडं कोणाच्या हातून माणूस मेला तर भरपाई सगळ्या कबिल्याने मिळून द्यायची असते, त्यातला वाटा मिनियापोलिसच्या टॅक्सीवाल्याकडूनही येतो. सरकार कोसळलेल्या देशातल्या माणसाचा विमा, बँक आणि पोलिस सगळं तेच. हवालाचं पण तसंच, जागतिक बँकेच्या अंदाजाने २०१५ मध्ये बाहेरच्या सोमालींनी सुमारे १.४ अब्ज डॉलर घरी पाठवले, आणि नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेने अल-बरकात ही त्यांची सगळ्यात मोठी हवाला कंपनी बंद केली तेव्हा कित्येक घरांतली चूल थांबली. अशा माणसाला 'कबिला सोड, मॉडर्न हो' असं सांगणं सोपं आहे, त्याच्या बदल्यात त्याला काय देणार ते कोणी सांगत नाही.

पण या विम्यात ज्यांना जागाच नाही असे सोमालीही आहेत, आणि माझं खरं सांगणं त्यांच्याबद्दल आहे. जुब्बा नदीच्या काठचे बांटू, यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात टांझानिया, मोझांबिक, मलावीकडून गुलाम म्हणून आणलेले, शेती यांनीच केली आणि हिणवणूकही यांच्याच वाट्याला. चामडं कमावणारे, लोहारकाम करणारे गाबोये, मधिबान, ज्यांच्याशी बाकीचे लग्न लावत नाहीत. बरावा बंदरातले लोक, ज्यांची घरातली भाषा स्वाहिलीच्या जवळची चिमिनी. २००० साली जिबूतीतल्या अर्ता गावी परिषद झाली तेव्हा सोमालियाच्या संसदेच्या जागा वाटल्या त्या साडेचारच्या हिशेबाने, चार मोठ्या गटांना (दिर आणि इसाक मिळून एक धरून) एकेक हिस्सा आणि या उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा, आणि तेच सूत्र पुढे चालू राहिलं. अर्धा म्हणजे कागदावर लिहून दिलेला अर्धा माणूस, मला दुसरा शब्द सुचत नाही.

अमेरिकेने २००३ नंतर बारा हजारांच्या आसपास बांटू लोकांना आणलं, कारण केनियाच्या छावणीतसुद्धा त्यांना त्रास होत होता. आणि आणून ठेवलं कुठं तर 'सोमाली' या एकाच रकान्यात. मेन राज्यातल्या लुइस्टन गावाचं उदाहरण घ्या. २००१ पासून तिथं सोमाली यायला लागले, २००२ ला महापौरांनी जाहीर पत्र लिहिलं की आता येणं जरा कमी करा, गाव थकलंय. बांटू कुटुंबं तिथं थोडी नंतर पोचली. गोऱ्यांच्या नजरेत दोघं सारखेच नकोसे, आणि आत मात्र जुनी उतरंड तशीच.

आमच्या दवाखान्यात एक म्हातारी पेशंट यायची. फोनवरचा दुभाषी सोमाली बोलायचा, ती मान हलवायची, सगळं ठीक अशी नोंद व्हायची, आणि साखर काही कमी होईना. शेवटी सून सोबत आली तेव्हा कळलं की आजींची भाषा माय, जी दक्षिणेत लाखो लोक बोलतात, आणि १९७२ ला सोमालीला रोमन लिपी देऊन प्रमाण भाषा ठरवली ती उत्तरेकडच्या बोलीवरून. दोन्हींत फरक एवढा की इन्सुलिन किती घ्यायचं हे आजींना कळलंच नव्हतं. त्या गप्प का बसल्या हे सुनेने सांगितलं, म्हणाली, लहानपणापासून त्यांना त्यांच्या बोलण्यावरून हसतात, मग त्या विचारतच नाहीत. फॉर्मवर भाषेच्या रकान्यात 'सोमाली' लिहिलं की आमच्या लोकांचं काम संपायचं. आता मी प्रत्येक नवीन पेशंटला घरात माय बोलता का हे आधी विचारते, आणि हो म्हणणारे बरेच निघतात.

तरुण मुलांचं वेगळंच. मिनियापोलिसच्या सीडर-रिव्हरसाइड भागातल्या उंच बिल्डिंगांत वाढलेली ही पोरं, पोलिस त्यांना अडवतात ते काळे म्हणून, विमानतळावर थांबवतात ते मुसलमान म्हणून, आणि घरी आईबाप म्हणतात तू काळा-बिळा काही नाहीस, तू सोमाली. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला याच शहरात पोलिसाने मारलं तेव्हा पोरं रस्त्यावर आणि बाप म्हणतायत ते आपलं भांडण नव्हे, असं मी घराघरांत ऐकलं. फारच हाताबाहेर गेलं की काही आईबाप मुलाला 'संस्कृती शिकायला' सोमालियात किंवा नैरोबीत पाठवून देतात, तिथल्या काही केंद्रांत मुलांना साखळ्या घातलेल्या सापडल्यात. यातली बरीच पोरं अभिमानाने सांगतात, आम्ही कबिला मानत नाही. चांगलं आहे, पण असं म्हणणारा जवळजवळ नेहमी मोठ्या कबिल्यातला असतो. बांटू मुलीला तो विसरता येत नाही कारण लग्नाचं बोलणं निघालं की समोरची आई तिला आठवण करून देते. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. इथल्या मराठी घरांतसुद्धा 'आम्ही जातपात मानत नाही' म्हणत म्हणत आडनाव काय, गाव कुठलं हे दोन प्रश्न पहिल्या भेटीत येतातच, आणि २०२३ ला सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा केला तेव्हा आपल्यातले किती लोक चिडले होते ते मी बघितलंय.

आत्ता बाहेरून हल्ला होतोय, घरी कागद तयार ठेवा, इमिग्रेशनवाले आले तर दार उघडू नका असं लोक एकमेकांना सांगतायत, आणि अशा वेळी समाजातले मोठे लोक म्हणतात की आता सगळे एक व्हा, आतल्या गोष्टी बाहेर काढू नका. भीती खरी आहे, मीही त्यांच्याबरोबर उभी आहे. पण 'आत्ता नको' हे गाबोये आणि बांटू लोकांना १९९१ मध्ये ऐकवलं, छावणीत ऐकवलं, इथं आल्यावर ऐकवलं. माझ्या मते एकी आधी आणि न्याय नंतर हा क्रमच चुकीचा आहे. ज्या मुलीचं लग्न तुम्ही तिच्या कबिल्यावरून मोडलंत, तिने तुमच्या मोर्चात कुठल्या तोंडाने घोषणा द्यायची?

म्हणून संपादक साहेब, विनंती एवढीच. पुढच्या वेळी मिनेसोटाची बातमी घ्याल तेव्हा 'सोमाली समाजाचं म्हणणं' असं लिहिताना ते नक्की कोणाचं म्हणणं ते लिहा, इथं जन्मलेल्या पोरीचं की मशिदीच्या कमिटीचं, हर्गेसाच्या माणसाचं की मोगादिशूच्या. आणि निदान एकदा तरी माय बोलणाऱ्या कोणाशी बोला. दुभाषी लागला तर मी शोधून देईन, आमच्या ओळखीत आहेत.

आपली वाचक,
सेंट पॉल, मिनेसोटा (मूळगाव कराड)